हत्तींमागे झाकलेला हॅनिबल

हॅनिबल म्हटले की आल्प्स आणि हत्ती, एवढेच बहुतेकांना आठवते. बर्फाळ कड्यांवरून हत्तींची रांग उतरते आहे आणि खाली रोम धास्तावले आहे, असे ते चित्र. ते खोटे नाही. पण त्या चित्रामुळे कार्थेजच्या या सेनापतीने खरोखर काय साधले, ते नजरेआड राहिले याची मला खंत वाटते.

आधी हत्तींचेच पाहू. इ. स. पू. २१८ मध्ये हॅनिबल स्पेनहून निघाला, तेव्हा त्याच्याकडे ३७ हत्ती होते. ऱ्होन नदी ओलांडताना तराफ्यांवर माती पसरून त्यांना जमिनीचा भास करून दिला, तरी काही बिथरून पाण्यात पडले. त्यांचे माहूत बुडाले; हत्ती मात्र सोंडा पाण्यावर धरून पैलतीराला लागले. त्या डिसेंबरात ट्रेबिया नदीकाठच्या लढाईत हत्ती उपयोगी पडले. नंतरच्या कडाक्याच्या थंडीत एक सोडून सगळे दगावले. पुढच्या वसंतात अर्नो नदीची दलदल पार करताना हॅनिबल त्या उरलेल्या हत्तीवर बसला होता आणि त्याच वाटेत आजाराने त्याचा एक डोळा गेला. ट्रॅसिमीन सरोवर आणि कॅनी या त्याच्या दोन सर्वांत मोठ्या विजयांत हत्तींचा वाटा शून्य आहे. सर्वांत जास्त, म्हणजे ८० हत्ती त्याच्यापाशी होते ते इ. स. पू. २०२ मध्ये आफ्रिकेतल्या झामाला, आणि ती लढाई तो हरला. रोमन सेनापती सिपिओने आपल्या तुकड्यांमध्ये मोकळ्या वाटा ठेवल्या होत्या. कर्ण्यांच्या आवाजाने बुजलेले काही हत्ती त्या वाटांनी निघून गेले, तर काही हॅनिबलच्याच घोडदळात घुसले.

आल्प्सची खरी किंमत माणसांनी मोजली. ऱ्होन ओलांडताना ३८ हजार पायदळ आणि आठ हजारांवर घोडेस्वार होते. इटलीच्या सपाटीवर उतरले ते २० हजार पायदळ आणि सहा हजार घोडेस्वार. हा शेवटचा आकडा खुद्द हॅनिबलने क्रोटोनजवळच्या देवळात ब्राँझच्या पत्र्यावर कोरून ठेवला होता आणि पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने तो स्वतः वाचला.

कॅनीनंतर तो सरळ रोमवर गेला असता तर युद्ध तिथेच संपले असते, हा समज सर्वांत चिवट आहे. २ ऑगस्ट २१६ (इ. स. पू.) रोजी कॅनीच्या मैदानात रोमनांचे सुमारे ८० हजार पायदळ उभे होते, हॅनिबलचे त्याच्या निम्मे. त्याने मधली फळी पुढे फुगवलेली, चंद्रकोरीसारखी ठेवली आणि तिथे गॉल व स्पॅनिश सैनिक उभे केले. ही फळी मागे रेटली जाणार हे त्याला ठाऊक होते. म्हणूनच तो आणि त्याचा धाकटा भाऊ मागो स्वतः तिथेच उभे राहिले. रोमन आत घुसत गेले, दोन्ही टोकांचे लिबियन पायदळ त्यांच्या कुशींवर वळले आणि घोडदळाने पाठीमागून दार लावले. रोमचे किती मेले? रोमन इतिहासकार लिव्ही सुमारे ४८ हजार सांगतो, पॉलिबियस ७० हजार.

हॅनिबलच्या घोडदळाचा सरदार महार्बल याने त्या दिवशी रोमवर चालून जाण्याचा आग्रह धरला आणि हॅनिबलने ऐकले नाही, ही गोष्ट लिव्ही सांगतो. तो जवळजवळ दोनशे वर्षांनी लिहीत होता. घटनेला कितीतरी जवळ असलेल्या पॉलिबियसकडे ती नाही. रोम तिथून सुमारे ४०० किलोमीटरवर होते, त्याला भक्कम तटबंदी होती. त्याआधी स्पेनमधले सगुंटम हे एक शहर घ्यायला हॅनिबलला आठ महिने लागले होते. मुळात रोम जमीनदोस्त करणे हा त्याचा बेतच दिसत नाही. इ. स. पू. २१५ मध्ये त्याने मॅसिडोनियाच्या पाचव्या फिलिपशी केलेल्या तहाची कलमे उपलब्ध आहेत आणि युद्धानंतरही रोम राहणार हे त्यांत गृहीत आहे. त्याला रोमच्या इटालियन मित्रांना फोडायचे होते. म्हणून तो त्यांचे कैदी खंडणी न घेता सोडून देई. दक्षिणेकडचे कापुआ शहर त्याच्याकडे आले, पुढे टॅरेंटम आले. लॅटिन वसाहती आणि मध्य इटलीचा बहुतेक भाग मात्र रोमला धरून राहिला. माझ्या मते त्याची चूक झाली ती इथे, मित्रांच्या निष्ठेचा अंदाज बांधताना. रोम आणि त्याच्या मित्रांकडे मिळून शस्त्र धरू शकणारी सात लाखांवर माणसे होती. एक सैन्य बुडाले की दुसरे उभे राही.

कापुआच्या ऐषारामात त्याची फौज सैलावली, असेही वाचायला मिळते. त्याच फौजेने इ. स. पू. २१० मध्ये हर्डोनियाला आणखी एक रोमन सैन्य बुडवले आणि ती इटलीत २०३ पर्यंत टिकली.

हे टिकणेच मला त्याचे सर्वांत मोठे कर्तृत्व वाटते. हॅनिबलचा जन्म इ. स. पू. २४७ चा. तो सहा वर्षांचा असताना रोमविरुद्धचे पहिले युद्ध हरलेल्या कार्थेजने भाडोत्री सैनिकांचा पगार थकवला. त्यांनी बंड केले आणि ते मोडायला त्याच्या वडिलांना, हॅमिल्कारला, तीन वर्षांहून अधिक काळ झुंजावे लागले. पुढे याच मुलाने लिबियन, स्पॅनिश, नुमिडियन, गॉल, ग्रीक अशी ना एक भाषा ना एक कायदा असलेली माणसे शत्रूच्या देशात पंधरा वर्षे बाळगली. घरून मदत क्वचित येई, शेवटची कित्येक वर्षे तर तो मागे सरकत होता, तरी त्याच्याविरुद्ध एकदाही बंड झाले नाही. हे कौतुक पॉलिबियसने नोंदवले आहे, आणि तो सिपिओ घराण्याच्या सावलीत राहणारा लेखक होता. हॅनिबलसोबत फिरलेल्या सोसिलस आणि सिलेनस या ग्रीक लेखकांचे ग्रंथ हरवले. कपटी, क्रूर हॅनिबल आपल्याला माहीत आहे तो मुख्यतः रोमनांच्या लेखणीतून.

त्याच्या पराभवानंतर लगेच रोमने कार्थेज पाडून तिथे मीठ पेरले, हेही खरे नव्हे. शहर पाडले गेले इ. स. पू. १४६ मध्ये, आणि मिठाचा उल्लेख एकाही प्राचीन लेखकाकडे नाही.

झामानंतर हॅनिबल संपला, असे समजणाऱ्यांनी इ. स. पू. १९६ पाहावे. त्या वर्षी तो कार्थेजचा सुफेत, म्हणजे सर्वोच्च दंडाधिकारी, झाला. तहहयात न बदलणाऱ्या न्यायाधीशांची मुदत त्याने एका वर्षावर आणली. खजिन्याचे हिशेब तपासले आणि अफरातफर थांबली तर नवा कर न लावताही रोमची खंडणी भरता येते, हे दाखवून दिले. ज्यांचे खिसे आटले, त्यांनी रोमकडे कागाळ्या केल्या. रोमचे दूत आले आणि इ. स. पू. १९५ मध्ये त्याला रातोरात देश सोडावा लागला. खंडणी होती दहा हजार टॅलेंट चांदी, पन्नास वर्षांच्या हप्त्यांत. तो परागंदा झाल्यावर चारच वर्षांत कार्थेजने उरलेली सगळी रक्कम एकदम फेडायची तयारी दाखवली. रोमने ती घ्यायला नकार दिला.