लोकप्रतिनिधी भगिनींचे वर्गवाचन आणि मतदानाचा पहिला पाठ

प्राथमिक शाळेतील मुलाला मतदानाची पहिली ओळख बहुधा सुट्टीच्या रूपाने होते. त्याच्याच वर्गातील बाके भिंतीशी सरकवलेली असतात, कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा उभा असतो, आणि मोठी माणसे एकेकटी त्यामागे जाऊन येतात. सायंकाळी आईच्या डाव्या तर्जनीवर शाईची रेघ दिसते. त्या रेघेचा अर्थ काय आणि आडोसा कशासाठी, हे मात्र त्याला क्वचितच कोणी समजावून सांगते. लोकांकडून निवडून आलेल्या स्त्रियांनी वर्गात येऊन मुलांना चार पाने वाचून दाखवावीत, या उपक्रमाचे महत्त्व येथेच आहे.

मीरा-भाईंदरचा परिसर या दृष्टीने अभ्यसनीय आहे. खाडीकाठची मिठागरे, उत्तनचे कोळीवाडे आणि भातशेतीची गावे यांच्या या भूमीत ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ साली नगरपालिका झाली, आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. २०१७ च्या निवडणुकीत येथे २४ प्रभागांतून ९५ सभासद निवडले गेले. तेवीस प्रभागांतून प्रत्येकी चार व एका प्रभागातून तीन, हा हिशेब चौथीच्या मुलाला फळ्यावर सहज मांडता येतो. २०१५ मध्ये गीता जैन, २०१७ मध्ये डिंपल मेहता आणि २०२० मध्ये ज्योत्स्ना हसनाळे अशा लागोपाठ तीन स्त्रिया या शहराच्या महापौर झाल्या. त्यांपैकी गीता जैन २०१९ मध्ये अपक्ष म्हणून विधानसभेवरही निवडून गेल्या.

ही स्थिती आपोआप आलेली नाही. मुंबई इलाख्यात स्त्रियांना विधिमंडळासाठी मताधिकार मिळाला तो १९२१ साली, आणि तोही मिळकतीच्या अटीने बांधलेला होता. सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांना समान मताधिकार दिला तो स्वतंत्र भारताच्या संविधानाने. मुंबईच्या महापौरपदी सुलोचना मोदी ही पहिली स्त्री १९५६ मध्ये आली. १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्थांतील किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या, आणि महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले.

तथापि मुलांच्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटवील अशी हकीकत १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची आहे. मतदारयाद्या तयार होत असताना अनेक प्रांतांतील स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची पत्नी, तमक्याची आई, एवढेच त्यांनी लिहून दिले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य करण्यास नकार दिला. परिणामी सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. हक्क संविधानात होता, मतपेटी गावात आली होती. परंतु यादीत नाव नव्हते म्हणून मत देता आले नाही. स्वतःचे नाव स्वतः सांगणे ही नागरिकत्वाची पहिली पायरी होय, हे मुलांना या उदाहरणाने चटकन उमगते.

नगरसेविका जेव्हा वर्गात येऊन प्रथम आपले पूर्ण नाव व आपला प्रभाग सांगते, तेव्हा तीच पायरी मुलांना प्रत्यक्ष दिसते. निवडून आली बाई, पण कारभार पाहतात तिचे यजमान, असा बोल अनेक ठिकाणी ऐकू येतो. वाचन संपल्यावर एखादी मुलगी विचारते, “आमच्या गल्लीतला दिवा बंद आहे, तो कोण लावणार?” त्या प्रश्नाचे उत्तर बाईंनी स्वतः, सोप्या भाषेत आणि खरेपणाने दिले, तर तो बोल खोडून काढण्यास व्याख्यानाची गरज उरत नाही. जे आपल्या हाती नाही, ते नाही असे सांगण्याचा प्रामाणिकपणाही मुले पारखतात.

वाचनासाठी वेगळे पुस्तक शोधण्याचे कारण नाही. पाठ्यपुस्तकाच्या आरंभी संविधानाची उद्देशिका छापलेली असते. तिचा प्रारंभ राजाच्या वा सरकारच्या नावाने न होता लोकांच्या नावाने होतो, एवढी एक गोष्ट विशद केली तरी तास सार्थकी लागतो. सोबत सावित्रीबाई फुले यांच्या चरित्रातील एखादा प्रसंग घ्यावा. वाचन पंधरा-वीस मिनिटांहून अधिक नसावे. मीरा-भाईंदरसारख्या शहरात एकाच बाकावर निरनिराळ्या मातृभाषांची मुले बसतात. म्हणून वाक्ये लहान व उच्चार स्पष्ट असावेत. वाचन प्रेरणा दिन (१५ ऑक्टोबर), संविधान दिन (२६ नोव्हेंबर), सावित्रीबाईंची जयंती (३ जानेवारी) आणि राष्ट्रीय मतदार दिन (२५ जानेवारी) हे दिवस त्यास सोयीचे होत.

त्यानंतर वर्गात छोटे मतदान घ्यावे. ग्रंथपेटीतील कोणते पुस्तक प्रथम वाचावे, एवढा प्रश्न पुरेसा आहे. चिठ्ठ्या, आडोसा, मोजणी आणि निकाल हे सर्व मुलांनीच करावे. मत गुप्त का ठेवायचे आणि हरलेल्या बाजूनेही निकाल का मानायचा, हे दोन प्रश्न शिक्षकांनी अवश्य चर्चेस घ्यावेत.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळले पाहिजे. वर्गात पक्षाचे नाव, चिन्ह, पत्रक वा भेटवस्तू येऊ नये, आणि आचारसंहितेच्या काळात असा कार्यक्रम मुळीच योजू नये. वेगवेगळ्या पक्षांच्या भगिनींना पाळीपाळीने बोलावल्यास समतोल राहतो.

शेवटी मुलांना घरी करण्यास एकच काम द्यावे. मतदारयादीत आईचे नाव कसे लिहिले आहे ते तिच्याकडून समजून घ्यावे, आणि ते पूर्ण नाव शुद्ध अक्षरांत वहीत लिहून आणावे. नाव यादीत नसेल, तर ते घालण्याची आठवण घरात मुलाकडूनच होईल. सत्तर वर्षांपूर्वी राहून गेलेल्या २८ लाख नावांचा पाठ याहून अधिक चांगल्या रीतीने गिरवता येणार नाही.