गाइड पथकाचे एक वर्ष : इंद्रायणीकाठच्या तळवड्यासाठी एक आखणी

देहू आणि आळंदी या दोन क्षेत्रांना जोडणाऱ्या रस्त्यावर, इंद्रायणीच्या दक्षिण तीरावर तळवडे हे गाव आहे. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. पूर्वी जेथे ज्वारी-बाजरीची शेते होती तेथे आज लहानमोठी कारखान्यांची शेडे, माहिती-तंत्रज्ञानाच्या इमारती व भाड्याच्या खोल्यांच्या चाळी उभ्या आहेत. नदीपलीकडे चाकणचा औद्योगिक पट्टा पसरला आहे. जुन्या वाड्यांतील शेतकरी कुटुंबांच्या मुली व मराठवाडा, विदर्भ, परप्रांत येथून पोटासाठी आलेल्या कामकरी कुटुंबांच्या मुली अशा गावातील माध्यमिक शाळेत एकाच बाकावर बसतात. या मुलींचे गाइड पथक उभे केले तर त्याचे वर्ष कसे जावे, याचा विचार येथे केला आहे. ज्या ग्रामसेवक व ग्रामसेविकांची गावे शहराच्या वाटेवर आहेत, त्यांना तो विशेष उपयोगी पडेल.

भारतात मुलींचे पहिले गाइड पथक १९११ साली जबलपूर येथे निघाले. आरंभी ते युरोपीय मुलींपुरतेच होते. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, निरनिराळ्या बालवीर संस्था एकत्र येऊन 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' ही संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी मुलींची संस्थाही तीत सामील झाली. पुणे-आळंदी रस्त्यावर जागतिक गाइड चळवळीचे 'संगम' हे केंद्र आहे. १६ ऑक्टोबर १९६६ रोजी लेडी ओलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. देशोदेशीच्या मुली तेथे येऊन राहतात. तळवड्याहून ते फार दूर नाही. तथापि या परिसरातील किती पालकांनी त्याचे नाव ऐकले असेल, हा प्रश्नच आहे.

पथकाची रचना सोपी आहे. सहा ते आठ मुलींचा एक संघ, प्रत्येक संघाची एक नायिका, आणि सर्वांवर देखरेख करणारी एक शिक्षिका. तिला गाइड कॅप्टन म्हणतात. प्रवेशानंतर प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, पुढे राज्य पुरस्कार व राष्ट्रपती पुरस्कार अशा पायऱ्या आहेत. पदके शोभेची असतात हे खरे, परंतु ती मिळविण्यासाठी मुलीला काहीतरी हाताने करून दाखवावे लागते, यात त्यांचे मोल आहे.

जूनमध्ये शाळा उघडते त्याच सुमारास पेरणीची धांदल असते. शेतकरी बापाचा पहिला प्रश्न असा असतो की, पोरगी शनिवारी शाळेत अडकली तर घरचे कोण बघणार? कारखान्यात जाणाऱ्या आईचा प्रश्नही तोच. धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार? या प्रश्नांना शाळेच्या छापील पत्राने उत्तर मिळत नाही. ग्रामसेविकेने अथवा शिक्षिकेने घरी जाऊन, ओट्यावर बसून बोलले पाहिजे. आठवड्यातून दोन तास एवढीच मागणी करावी आणि ती वेळ काटेकोर पाळावी. मुलगी ठरल्या वेळी घरी परतते असे चार आठवडे दिसले की आईबापांचा विरोध बहुधा मावळतो. गणवेशाची सक्ती पहिल्या वर्षी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कापडाच्या खर्चापायी गरजू मुलगीच बाहेर राहते. 'खरी कमाई' या उपक्रमात मुली घरी केलेले खाद्यपदार्थ, कागदी पिशव्या, भाजीची रोपे विकून पैसे मिळवितात. त्यातून पुढच्या वर्षी गणवेश शिवता येतो.

वर्षातील पहिली मोठी सेवा लगेच दाराशी येते. ज्येष्ठ वद्य सप्तमीस तुकोबांची पालखी देहूहून व दुसऱ्या दिवशी माउलींची पालखी आळंदीहून निघते. त्याआधी देहूहून आळंदीकडे जाणारे वारकरी तळवड्याच्या रस्त्याने पायी जातात. नव्या मुलींना अद्याप काही येत नसते. म्हणून हे काम गेल्या वर्षीच्या मुलींनी हाती घ्यावे व नव्यांनी पाहून शिकावे. अन्नदान करणारे हात आज पुष्कळ आहेत. तुटवडा आहे तो थकलेल्या म्हातारीचे पाय धुणाऱ्या हातांचा. पायाचा फोड फोडू नये, स्वच्छ पाण्याने धुऊन कोरड्या कापडाने झाकावा. ज्याला जुलाब होत असतील त्यास साखर-मिठाचे पाणी द्यावे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण होय. मीठ जास्त पडले तर, विशेषतः लहान मुलांस, अपाय होतो. यासाठी प्रत्येक मुलीकडून हे पाणी निदान तीन वेळा स्वतः करवून घ्यावे. दिंड्या पुढे गेल्यावर रस्त्यावर राहिलेले पेले व पत्रावळी उचलणे हेही याच सेवेत येते. ते काम फोटो काढण्याजोगे नसल्याने मागे राहते.

पावसाळ्यात सर्पदंशाचा विषय घ्यावा. तो आमच्या मते वर्षातील सर्वांत मोलाचा पाठ आहे. आपल्याकडे माणसाच्या जिवास मुख्यतः चार सापांपासून धोका असतो : नाग, मण्यार, घोणस व फुरसे. यांतील मण्यार रात्री फिरते व जमिनीवर झोपलेल्या माणसास चावते. चावा इतका बारीक असतो की पुष्कळदा वेदना होत नाही, खूणही दिसत नाही. मग पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, आणि घरचे लोक अपचन झाले असे समजून ओवा देत बसतात. ज्या घरात गाइड मुलगी आहे तेथे तिने ही लक्षणे ओळखून तत्काळ इस्पितळाचा आग्रह धरावा. दंशाच्या जागी चिरा देऊ नये, तोंडाने विष ओढू नये, दोरी करकचून आवळू नये, साप शोधण्यात वेळ घालवू नये. माणसास धीर द्यावा, त्याला चालू देऊ नये, चावलेला अवयव फळीचा आधार देऊन हलणार नाही असा ठेवावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. या चारही सापांच्या विषावर चालणारी लस इस्पितळात शिरेतून देतात. मांत्रिकाकडे ती नसते. खाटेवर झोपणे व मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणे हा त्यावरचा स्वस्त प्रतिबंध आहे. चाळीतील खोल्यांत सर्वांस खाटा कोठून असणार, हेही खरे आहे. पण मच्छरदाणी बहुतेकांना परवडते.

याच दिवसांत वृक्षारोपणाचे समारंभ होतात. पथकाने शंभर खड्डे खणण्यापेक्षा दहाच झाडे लावावीत : करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन अशी नदीकाठी टिकणारी. प्रत्येक झाड दोघी मुलींच्या नावे लिहून द्यावे आणि दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत त्यास पाणी घालण्याची जबाबदारी त्यांच्याकडे ठेवावी. सुटीत गावी जाणाऱ्या मुलीने आपल्या जागी कोण, हे सांगून जावे.

नदीचा विषय मात्र जपून हाताळला पाहिजे. लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावून तुळापुरास भीमेला मिळणाऱ्या इंद्रायणीत घरांचे सांडपाणी व कारखान्यांचे दूषित पाणी मिसळते. आळंदीस पात्रावर आलेला पांढरा फेस सर्वांनी पाहिला आहे. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांवर जलपर्णी माजते. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती अनुकूल पाण्यात सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते. मुलींना ती काढण्यासाठी पाण्यात उतरवू नये. ते यंत्रांचे व प्रौढ माणसांचे काम आहे. मुलींनी करावयाचे ते असे : महिन्यातून एकदा ठरलेल्या जागी उभे राहून पाण्याचा रंग, वास, फेस, जलपर्णी किती पसरली, कोणता ओढा येऊन मिळतो, याची वहीत तारखेनिशी नोंद करावी. वर्षाअखेर बारा पाने भरतील. तक्रार अर्जाला अशी वही जोडली तर अर्जाचे वजन वाढते. काठावर काढून टाकलेल्या जलपर्णीचे शेणकाल्यासह उत्तम कंपोस्ट होते, हे शेतकऱ्यांना ठाऊकच आहे. परंतु कारखान्याचे पाणी मिसळणाऱ्या नदीतील जलपर्णी जड धातू शोषून घेते. तपासणी केल्यावाचून तिचे खत भाजीपाल्यास घालू नये; फुलझाडांना अथवा रस्त्याकडेच्या झाडांना घालावे.

दिवाळीच्या आधी भाजण्यावरील प्रथमोपचार शिकविण्याची रीत आहे. तळवड्यात त्यास निराळा अर्थ आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी या गावात, वाढदिवसाच्या केकवर लावण्याच्या फुलबाज्यांच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या एका कारखान्यास आग लागली. तीत कामगार होरपळून मरण पावले, आणि मृतांत बहुतेक स्त्रिया होत्या. घरच्या मिळकतीस हातभार लागावा म्हणून कामास जाणाऱ्या या स्त्रिया होत्या. अशाच शेडांत काम करणाऱ्या आयांच्या मुली शाळेत असतात. म्हणून पथकाने एक साधी गोष्ट करावी. प्रत्येक मुलीने संध्याकाळी आईला विचारावे : तुमच्या शेडला दारे किती? दुसरे दार उघडे असते की कुलूपबंद? दारापुढे माल रचलेला असतो काय? वाळूच्या बादल्या, अग्निशामक नळकांडे कोठे आहे, आणि ते वापरायचे कोणाला शिकविले आहे? मुलीच्या प्रश्नाने कारखान्याचे दार रुंद होणार नाही. पण आई दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यावर ते दार पाहील, शेजारणीला दाखवील. दार बंदच असेल तर तिने एकटीने वाद घालू नये. शिक्षिकेने ती हकिगत महापालिकेच्या अग्निशामक दलास लेखी कळवावी, व त्यात मुलीचे वा आईचे नाव घालू नये; कारण रोजंदारीच्या स्त्रीचे काम एका तक्रारीने जाऊ शकते.

प्रत्यक्ष उपचार असा. कपड्यांनी पेट घेतला तर धावू नये. जमिनीवर आडवे होऊन लोळावे, जाड सुती चादरीने अथवा घोंगडीने ज्वाळा दाबाव्यात. नायलॉनचे कापड मुळीच टाकू नये. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे, बर्फ लावू नये. सूज येण्यापूर्वी बांगड्या व अंगठ्या उतराव्यात. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नये. शाई, हळद, तूप, दंतमंजन यांपैकी काहीही न लावता स्वच्छ कापडाने झाकून इस्पितळात न्यावे. बांगड्या उतरविण्यास आजीबाई हरकत घेतात. त्यांची समजूत घालण्याचा सरावही मुलींनी आपसांत नाट्यरूपाने करावा. तो हसतखेळत होतो आणि ध्यानात राहतो.

हिवाळ्यात दोन रात्रींचे शिबिर घ्यावे. मुलीला रात्री बाहेर पाठविण्याची पालकांना धास्ती वाटते, व ती गैर नाही. शिबिर शाळेच्याच आवारात घ्यावे, स्त्री-शिक्षिका मुक्कामास असाव्यात आणि आयांना संध्याकाळी शेकोटीस बोलवावे. चूल मांडणे, तंबू ठोकणे, नकाशा पाहून वाट काढणे हे सर्व मुली आनंदाने करतात. २२ फेब्रुवारी हा जगभरच्या गाइडांचा चिंतन दिन. त्या दिवशी भाषणांऐवजी नववी-दहावीच्या मुलींनी पुढे काय शिकावयाचे आहे ते आईबापांसमोर सांगावे. त्यानंतर परीक्षा येतात, आणि परीक्षांमागून लग्नसराई. अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न करणे २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि महाराष्ट्रात गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याचे काम ग्रामसेवकाकडे आहे. एखादी मुलगी तीन शनिवार लागोपाठ आली नाही, तर संघनायिकेने ते शिक्षिकेस सांगावे व शिक्षिकेने घरी जावे. पथकाची हजेरी वही येथे उपयोगी पडते; मुलीच्या घरी काही शिजत असल्याची पहिली चाहूल बहुधा मैत्रिणींनाच लागते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे, तो प्रत्येक मुलीस तोंडपाठ असावा.

एप्रिलमध्ये वह्या बंद करावयाच्या : हजेरी, नदीची नोंद, खरी कमाईचा जमाखर्च व झाडांची यादी. जमाखर्च मुलींनीच मांडावा आणि पालकसभेत वाचून दाखवावा. मेलेली झाडेही यादीत लिहावीत. पथक नव्याने काढावयाचे असल्यास मुख्याध्यापकांनी जिल्हा स्काउट्स आणि गाइड्स कार्यालयाशी पत्रव्यवहार करून नोंदणी करावी. ज्या शिक्षिकेस कॅप्टन व्हावयाचे आहे, तिला प्रशिक्षणाच्या निवासी शिबिरास जावे लागते. ते सुमारे आठवडाभराचे असते. तिच्या घरी लहान मूल असल्यास त्या आठवड्याची सोय कोण करणार, हे शाळा समितीने आधी ठरवावे आणि मगच तिचे नाव पाठवावे.