झिलई आणि माती यांचे नाते

मातीच्या भाजलेल्या भांड्यावर जो काचेसारखा गुळगुळीत थर दिसतो, त्याला झिलई म्हणतात. झिलई ही वस्तुतः काचच होय. गारगोटीची पूड, थोडी माती आणि गारगोटीला वितळविणारी शिसे, सोडा, टाकणखार यांसारखी द्रव्ये पाण्यात कालवून भांड्यावर लावतात. भट्टीत ती वितळून भांड्याच्या अंगाला घट्ट चिकटतात. मात्र एका मातीवर उत्तम उतरलेली झिलई दुसऱ्या मातीवर तशीच उतरेल, असे मुळीच नाही.

या गोष्टीचा पहिला परिणाम रंगावर होतो. तांबड्या मातीत लोहाचे प्रमाण अधिक असते. शिशाची पारदर्शक झिलई तिच्यावर दिली की ते लोह झिलईत उतरते व मधासारखी पिवळसर छटा येते. तांब्याचा फिरोजी निळा रंग सोड्याच्या झिलईत खुलतो. परंतु खालची माती तांबडी असेल, तर तो मलूल होतो. म्हणूनच सिंधमधील हाला येथील कुंभार तांबड्या भांड्यावर आधी पांढऱ्या मातीचे अस्तर देत. जयपूरच्या निळ्या भांड्यांचे अंग तर मुख्यतः गारगोटीच्या पुडीचे असते. १८७० च्या दशकात मुंबईच्या कलाशाळेत जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी मृत्पात्रांचे काम सुरू केले, तेव्हा सिंधी पद्धतीची झिलई आणि अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षी यांचा तेथे मेळ घालण्यात आला.

रंगाहूनही महत्त्वाचा प्रश्न आकुंचनाचा आहे. भट्टी निवू लागली की झिलई व भांड्याचे अंग दोन्ही आकसतात. झिलई अंगापेक्षा अधिक आकसली, तर तिच्यावर ताण येतो आणि केसासारख्या भेगांचे जाळे पसरते. उलट ती फारच कमी आकसली, तर दाबाखाली येऊन काठांवरून तिचे पापुद्रे सुटतात. काच ताणाला दुबळी, पण दाबाला बळकट असते. त्यामुळे झिलई अंगापेक्षा किंचित कमी आकसावी, हे सर्वांत हितावह. विजेच्या खांबांवरील चिनी मातीच्या विद्युत्‌रोधकांना अशी झिलई अधिक बळकटी देते. म्हैसूर संस्थानच्या काळात बंगळूरमध्ये अशा विद्युत्‌रोधकांचा सरकारी कारखाना निघाला होता.

येथे एक गमतीची गोष्ट ध्यानात घ्यावी. भेगा पडत असतील, तर झिलईत गारगोटीची पूड वाढविल्याने त्या कमी होतात. आणि अंगाच्या मातीत ती वाढविली तरीही कमी होतात. झिलईत वितळलेली गारगोटी तिचे आकुंचन घटविते. अंगात मात्र गारगोटीचे कण स्फटिकरूपातच राहतात आणि सुमारे ५७३ अंश सेल्सिअसला एकाएकी आकसून अंगाचे आकुंचन वाढवितात.

तेव्हा चाचणी कशी करावी? वापरावयाच्या प्रत्येक मातीच्या लहान पट्ट्या करून त्या एकदा भाजून घ्याव्या. प्रत्येकीवर क्रमांक कोरावा. मग एकच झिलई सर्व पट्ट्यांवर द्यावी. अर्ध्या भागावर एक हात, उरलेल्यावर दोन. पट्ट्या उभ्या ठेवल्या म्हणजे झिलई किती ओघळते तेही कळते. सर्व पट्ट्या एकाच भट्टीत भाजाव्या आणि शेजारी सेगर शंकू ठेवावेत. हर्मान सेगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८८६ मध्ये प्रचारात आणलेले हे शंकू ठराविक उष्णतेला वाकतात. तापमान व वेळ या दोहोंचा एकत्रित परिणाम त्यांवरून समजतो.

भट्टीतून निघालेल्या पट्ट्या चांगल्या दिसल्या म्हणजे काम संपले असे नव्हे. त्या उकळत्या पाण्यातून काढून थंड पाण्यात बुडवाव्या. पुन्हापुन्हा असे केले की लपलेला ताण भेगांच्या रूपाने प्रकट होतो. त्यांवर शाई चोळून पुसली असता बारीक भेगाही दिसतात. कमी भाजलेले अंग सच्छिद्र असते. ते हवेतील ओलावा शोषून हळूहळू फुगते आणि झिलई काही महिन्यांनंतरही तडकते. यास्तव पट्ट्या जपून ठेवून त्यांची पुन्हा पाहणी करावी.

या सर्व खटाटोपाची गरज स्वयंपाकघरात उमगते. लोणच्याची बरणी महिनोन्‌महिने आंबट व खारट पदार्थ सांभाळते. भेगांतून मीठ आत शिरले, तर ते अंगाला पोखरते. झिलईत शिसे असेल व ती नीट भाजली गेली नसेल, तर आंबटपणामुळे ते अन्नात उतरते. ते विष दिसत नाही, त्याची चवही कळत नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते विशेष घातक ठरते. म्हणून प्रयोगशाळेत भांड्यात चार टक्के ॲसेटिक आम्ल चोवीस तास ठेवून त्यात उतरलेले शिसे मोजतात. घरी लिंबाचा रस रात्रभर ठेवून झिलईचा रंग किंवा चमक उतरली का ते पाहता येते. परंतु ती न उतरणे ही निर्धास्तपणाची खूण नव्हे. अन्नाच्या भांड्यांना शिशाची झिलई न देणे हाच खरा उपाय होय.

मातीची खाण बदलली की जुना निष्कर्ष रद्द समजावा. नव्या मातीची पट्टी पुन्हा भट्टीत गेलीच पाहिजे.