साडेतीन जणींचा हिशेब

पनवेलजवळच्या कोन येथील २,४१७ घरांची सोडत म्हाडाने २०१६ साली गिरणी कामगारांसाठी काढली. १९८२च्या संपात पगारासाठी लढलेली ही पिढी आता म्हातारी झाली आहे. समजा, त्यांतला एखादा अंथरुणाला खिळला. त्याला चोवीस तास माणूस हवे. आठवड्याचे तास १६८. रोज आठ तास आणि एक सुटी धरली, तर एका बाईचे ४८. म्हणजे साडेतीन जणी लागल्या. घरात कमावता एकच असेल, तर साडेतीन रास्त पगार निघायचे कुठून? मग ब्युरो बारा तासांची ड्युटी लावतो आणि दर उतरवतो.

गिरणीत नवे माग आले की तेवढ्याच तासांत जास्त कापड निघे. त्यातून पगारवाढ भागवता येई. कूस बदलायला, घास भरवायला मात्र आजही पूर्वीइतकाच वेळ लागतो. बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली हा पेच नाटक-संगीताच्या व्यवसायाबाबत मांडला होता.

ब्युरोने कमिशन सोडले, तरी साडेतीनाचे एक होत नाही. उरलेला भार सरकारी तिजोरीने उचलला नाही, तर तो त्या बाईच्याच पगारातून वसूल होतो. पगारासाठी लढलेल्या कामगाराचे म्हातारपण मग दुसऱ्या कामगाराच्या अपुऱ्या पगारावर निभावते.