शाळेची इमारत भूकंपात टिकेल का? नकाशापेक्षा भिंत तपासण्याची गरज

जयपूर : २१ जुलै २०२३ रोजी पहाटे चार ते साडेचारच्या दरम्यान जयपूर शहर तीन वेळा हादरले. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या नोंदीनुसार त्यांतील सर्वांत मोठा धक्का ४.४ तीव्रतेचा होता. मोठी हानी झाली नाही आणि त्या वेळी शाळाही रिकाम्या होत्या. याहून मोठा धक्का शाळा भरलेली असताना बसला तर कोणत्या इमारती उभ्या राहतील, हे मात्र भूकंपाच्या नकाशावरून कळत नाही.

भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत जयपूर सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे दुसऱ्या विभागात मोडते. अशा क्रमांकावर विसंबणे किती महागात पडते, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे आठ हजार माणसे दगावली, तेव्हा तो भाग याहूनही खालच्या, पहिल्या विभागात गणला जात होता. पुढे २००२ मध्ये हा पहिला विभागच रद्द करण्यात आला. किल्लारीत माणसे मेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील माळवदे कोसळल्यामुळे.

राजस्थानातील जुन्या बांधकामांतही दगडच प्रमुख आहे. भिंती दगडी, आणि अनेक ठिकाणी छतही भिंतीवर नुसत्या टेकवलेल्या दगडी पट्ट्यांचे. जमीन हलली की समोरासमोरच्या भिंती एकाच लयीत हलत नाहीत. भिंत थोडी बाहेर झुकली तरी पट्टीचा आधार सुटतो आणि ती थेट वर्गात पडते. भिंतीचे आतले व बाहेरचे थर आरपार दगडांनी जोडलेले नसतील, तर भिंत मधोमध फुगून फुटते.

म्हणूनच तपासणीची सुरुवात डोळ्यांनी होते. प्रशिक्षित अभियंता इमारतीभोवती फिरून ठरावीक नमुन्यात नोंदी करतो: भिंतींची जाडी व लांबी, कोपऱ्यांतील तडे, खिडक्यांचा आकार, दारांवरून सलग जाणारा काँक्रीटचा पट्टा आहे की नाही, नंतर चढवलेला मजला, गच्चीवरील पाण्याची टाकी. काँक्रीटच्या इमारतीत व्हरांड्यातील अर्ध्या उंचीच्या भिंतींमध्ये अडकलेले आखूड खांब विशेष धोक्याचे मानले जातात, कारण सगळा ताण त्यांच्या उघड्या भागावर येतो. या पाहणीतून कोणती इमारत आधी तपासायची, एवढेच ठरते. ती सुरक्षित असल्याचे प्रमाणपत्र म्हणून हा कागद फायलीत लावणे चुकीचे आहे. पुढच्या टप्प्यात काँक्रीटची ताकद, लोखंडाचा गंज आणि पाया तपासून गणित मांडावे लागते. त्या गणितात शाळेसाठी साध्या घराच्या दीडपट भूकंपबल धरावे, असे मानक सांगते.

२५ जुलै २०२५ रोजी झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी येथे सरकारी शाळेचे छत कोसळून सात मुलांचा बळी गेला. तेथे भूकंप नव्हता. जी इमारत स्वतःचे ओझे पेलू शकत नाही, तिच्याबाबत भूकंपाचा हिशेब करण्यात अर्थ नसतो. ती तत्काळ रिकामी करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच, कुंभकोणम येथील शाळेच्या आगीनंतरच्या प्रकरणात, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचाही समावेश असल्याचे स्पष्ट केले होते.

दुबळी ठरलेली प्रत्येक शाळा पाडावी लागत नाही. भिंतींना दोन्ही बाजूंनी जाळी व सिमेंटचे पट्टे बांधणे, छत भिंतीशी जखडणे, आरपार दुवे घालणे ही कामे सुट्टीत, टप्प्याटप्प्याने करता येतात. काश्मीरमधील ८ ऑक्टोबर २००५ चा भूकंप सकाळी, शाळा भरलेल्या असताना झाला आणि पाकव्याप्त भागात हजारो विद्यार्थी वर्गांतच गाडले गेले. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ रोजी शनिवारची सुट्टी होती. तेथे हजारो वर्गखोल्या कोसळल्या. मात्र काठमांडू खोऱ्यात आधीच मजबूत केलेल्या शाळा टिकल्या आणि बेघर झालेल्या लोकांनी त्यांत आसरा घेतला.