ओढले तरी न सुटणारा सांधा

कपाटाचा खण दिवसातून किती वेळा ओढला जातो, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. प्रत्येक ओढीला मूठ बसविलेली पुढची फळी आपल्याकडे येऊ पाहते आणि आत भरलेला भार तिला मागे धरून ठेवतो. ही सारी ओढाताण पुढची फळी व बाजूच्या फळ्या यांच्या कोपऱ्यावर येऊन पडते. नुसत्या चुका ठोकून जोडलेला खण म्हणूनच काही वर्षांत तोंड वासतो. चुका पुन्हा ठोकल्या की महिनाभर बरे, मग पुन्हा तेच. याउलट आजोबांच्या काळच्या पेटीचा कोपरा पाहावा. फळीचे टोक पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे कापलेले, दोन शेपट्यांच्या मधल्या जागेत समोरच्या फळीच्या खुंट्या बसविलेल्या. शेपटी टोकाला रुंद व मुळाशी अरुंद असल्यामुळे ती ओढीच्या दिशेने निघूच शकत नाही. या सांध्याला इंग्रजीत डव्हटेल म्हणतात; आपल्याकडचे कारागीरही तोच शब्द वापरतात.

उचगावच्या वाचकांना हा शब्द नवा नाही. (बेळगावजवळही एक उचगाव आहे, येथे अभिप्रेत आहे ते करवीर तालुक्यातील, हुपरीच्या वाटेवरचे.) दक्षिणेला गोकुळ शिरगाव, उत्तरेला पंचगंगेपलीकडे शिरोली, अशा दोन औद्योगिक वसाहतींच्या मधोमध वसलेल्या या परिसरात लेथ चालविलेला माणूस शोधावा लागत नाही. लेथच्या क्रॉस स्लाइडखाली जी तिरप्या कडांची सरकवाट असते, ती डव्हटेलच. कटिंगचा दाब कितीही आला तरी स्लाइड वर उचलली जात नाही. पुढे-मागे मात्र मोकळी सरकते. एका दिशेला ठाम नकार व दुसऱ्या दिशेला मुक्त वाट, हे या आकाराचे मर्म आहे.

ओतकामाच्या धंद्यात हेच मर्म आणखी सुंदर रीतीने वापरले जाते. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांचे नाव देशभर झाले, त्याच्या मुळाशी लाकडी पॅटर्न घडविणाऱ्या सुतारांचे हात आहेत. वाळूत ठसा उमटवून पॅटर्न वर उचलायचा असतो. पण त्याला बाजूने एखादा उंचवटा असेल, तर उचलताना वाळूची भिंत कोसळते. म्हणून तो उंचवटा वेगळा तुकडा करून उभ्या डव्हटेलने मुख्य पॅटर्नला अडकवितात. मुख्य पॅटर्न सरळ वर निघून येतो, तुकडा वाळूतच राहतो आणि मग तो आडवा, अलगद काढून घेतात. बिडाचे ओतीव थंड होताना साधारण 1 टक्का आकसते, म्हणजे मीटरला सुमारे 10 मि.मी.; तेवढे माप आधीच वाढवून लाकूड कापणारा हा कारागीर घरच्या खणाचा सांधा पाहून बिचकणार नाही. आज बरेच पॅटर्न ॲल्युमिनियमचे किंवा रेझिनचे असतात, सीएनसी यंत्रावर कोरलेले असतात. लाकडाचे काम त्या मानाने ओसरले आहे. ही मापाची नजर असलेली माणसे आपल्या गावात असताना आपण घरासाठी मात्र भुश्याच्या दाबीव फळ्यांचे तयार कपाट आणतो, हे मला खटकते.

कोल्हापूरच्या मातीत लाकूड आणि लोखंड यांची सोयरीक जुनीच. चित्रपटमहर्षी बाबूराव पेंटर यांचे मूळ आडनाव मेस्त्री. त्यांनी दादा मिस्त्री यांच्या साहाय्याने चित्रीकरणाचा कॅमेरा कोल्हापुरातच घडविला आणि 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. नमुना पाहून, मापे घेऊन आपले यंत्र आपणच बनविण्याची ती रीत येथील वर्कशॉपांत अजून जिवंत आहे. पुढे जे लिहितो आहे ते याच रीतीच्या भरवशावर.

हाताने डव्हटेल कापणे हे सुतारविद्येतील कसोटीचे काम. पटाशी, बारीक दात्यांची करवत आणि तिरपा गुण्या एवढ्यावर ते होते. मऊ लाकडाला 6 ला 1 आणि कठीण लाकडाला 8 ला 1 असा उतार धरण्याचा प्रघात आहे. कोनाच्या भाषेत अनुक्रमे सुमारे 9.5 व 7 अंश. लेथवरची सरकवाट बहुधा 60 अंशांची, म्हणजे उभ्या रेषेपासून 30 अंश कललेली असते. लोखंडाला ते झेपते. लाकडात एवढा उतार दिला तर शेपटीच्या टोकाशी रेषा तोकडा पडतो आणि पहिल्याच ठोक्याला कोपरा उडतो. धातूवर काम केलेल्यांनी लाकडाकडे वळताना हा फरक आधी मनात पक्का करावा.

एक खण म्हणजे चार कोपरे. सहा खणांच्या कपाटाचे चोवीस कोपरे हाताने कापावयाचे तर मजुरी लाकडाच्या किमतीपुढे जाते. ही अडचण आजची नाही. अमेरिकेत चार्ल्स नॅप याने 1867 साली यंत्राने कापता येईल अशा अर्धचंद्राकृती सांध्याचे पेटंट घेतले. तिकडच्या जुन्या कपाटांचे वय अभ्यासक आजही त्या अर्धचंद्रांवरून ओळखतात. छोट्या कारखान्याला परवडणारा आजचा मार्ग म्हणजे राउटर टेबल व डव्हटेलचे जिग.

राउटर म्हणजे मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फेरे घेणारी मोटर. ती टेबलाखाली उलटी बसवितात. बिट वर डोकावते. जिगची दोन टेम्प्लेट असतात. शेपट्यांच्या टेम्प्लेटच्या खाचा सरळ, समांतर. खुंट्यांच्या टेम्प्लेटची बोटे बिटाच्या कोनाइतकीच निमुळती. फळी टेम्प्लेटवर उभी, टोक खाली करून आवळायची आणि जिगसकट टेबलावरून सरकवायची. बिटाच्या दांड्यावरचे बेअरिंग टेम्प्लेटच्या कडेला टेकून फिरते आणि वर बिट तोच आकार लाकडात उतरविते. शेपट्यांना डव्हटेल बिट, खुंट्यांना सरळ बिट. शेपट्यांची खोली खुंट्यांच्या फळीच्या जाडीइतकी आणि खुंट्यांची खोली शेपट्यांच्या फळीच्या जाडीइतकी ठेवावी. केसभर जास्त चालेल, कारण बाहेर आलेले टोक रंध्याने साफ करता येते. कमी पडले तर भरून काढता येत नाही.

डव्हटेल बिट वर रुंद असते, म्हणून इतर कामांप्रमाणे थोडे थोडे खोल जाण्याची सोय येथे नाही. ठरलेली खोली एकदाच घ्यावी लागते. मधले लाकूड आधी करवतीने काढून टाकले की बिटावरचा भार हलका होतो. जिग नेहमी बिटाच्या फिरण्याच्या विरुद्ध सरकवावे. त्याच दिशेने ढकलले तर बिट फळी हिसकावून घेते. सर्वांत महत्त्वाचे, बिट खाचेत असताना जिग वर उचलू नये. उचलले की वरचा रुंद भाग शेपटीही कापतो आणि टेम्प्लेटही. फळीच्या मागे टाकाऊ लाकडाचा तुकडा आवळला तर बिट बाहेर पडताना ढलप्या उडत नाहीत. डोळ्यांना चष्मा, कानांना आवरण आणि नाकातोंडावर मास्क हवेच. लाकडाचा बारीक भुसा दीर्घकाळ श्वासात गेल्यास कर्करोगाला कारण होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मान्य केलेले आहे.

सांधा घट्ट की सैल, हे खुंट्यांच्या टेम्प्लेटवर ठरते. त्याची बोटे निमुळती असल्यामुळे ते पाठीमागच्या आधाराच्या ठोकळ्यावर पुढे-मागे सरकविले की खुंटीची जाडी बदलते. 7 अंशांचे बिट असेल तर टेम्प्लेट 1 मि.मी. सरकवल्यावर खुंटीत जवळजवळ पाव मि.मी. फरक पडतो. मायक्रोमीटर वापरणाऱ्याला याहून सोपे गणित कोणते? भंगार फळीवर दोन-तीन चाचण्या घ्याव्यात. हलक्या लाकडी हातोडीच्या ठोक्यांनी सांधा बसला म्हणजे ठोकळा कायमचा स्क्रूने पक्का करावा. परदेशी बनावटीची जिग महाग पडतात. परंतु ज्या वर्कशॉपमध्ये मिलिंग मशीन आहे, तेथे ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीतून ही दोन टेम्प्लेट काढणे मुळीच अवघड नाही.

मात्र जिगला काय कळत नाही, हेही सांगितले पाहिजे. फळी वाकडी असेल तर ते वाकडेपण चारही कोपऱ्यांत इमानाने उतरते. शेपट्या कोणत्या फळीवर घ्यायच्या, हे त्याला ठाऊक नसते. खण पुढे ओढला जातो म्हणून शेपट्या बाजूच्या फळ्यांवर आणि खुंट्या पुढच्या फळीवर हव्यात; उलटे केले तर सांधा दिसायला तसाच सुबक, पण ओढीच्या दिशेने मोकळा राहतो. लाकूड मुरलेले आहे की नाही, हेही त्याला कळत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात दारे फुगतात, तशी फळीही रेषेच्या आडव्या दिशेने फुगते. लांबीत ती जवळजवळ बदलत नाही. पेटीच्या चारही फळ्यांचा रेषा पेटीभोवती फिरता ठेवला, तर त्या एकत्र फुगतात, एकत्र आकसतात आणि सांध्यावर ताण येत नाही. प्लायवूडमध्ये हा सांधा कापण्याच्या भानगडीत पडू नये, पदर सुटतात.

आपल्या घरांत या सांध्याला एक खास जागा आहे, ती म्हणजे शास्त्रपेटी. श्रुतपंचमीला ग्रंथ बाहेर काढून आपण ते पुसतो, वेष्टने बदलतो. ते पुन्हा ज्या पेटीत ठेवतो ती कशाने जोडलेली आहे, हे सहसा विचारीत नाही. पूर्वी सुतार सरस वापरीत. सरस म्हणजे जनावरांची कातडी, हाडे उकळून केलेला चिकटा. 1959 साली फेविकॉल बाजारात आले आणि तो घरोघरच्या कामांतून मागे पडला. डव्हटेलची पकड मुळात आकारावर आहे. रासायनिक गोंदाचा पातळ हात पुरतो आणि खिळा तर एकही लागत नाही. पॉलिशचेही असेच. फ्रेंच पॉलिशमधील चपडा लाखेच्या किड्यांपासून मिळतो. ज्यांना तो नको असेल त्यांनी उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्यावेत. सागवानाचा रंग त्याने खुलतो. फक्त तेलाच्या चिंध्या चोळामोळा करून टाकू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवाव्यात.

लाकूड निवडताना भोके आणि ताजा भुसा पाहून घ्यावा. आत जीव असलेली फळी कापायला घेऊच नये. जुन्या मुरलेल्या सागवानाच्या फळ्या पाडलेल्या घरांतून मिळतात, त्यांतील खिळे मात्र एकूण एक काढलेले असावेत. एक राहिला तरी बिट जाते. फळ्या 15 ते 18 मि.मी. जाडीच्या घ्याव्यात. तळाची फळी भरीव लाकडाची असेल तर ती खाचेत मोकळी बसवावी, गोंद लावू नये. पावसाळ्यात तिला फुगायला दोन्ही बाजूंनी दीड-दोन मि.मी. जागा लागते. ही खाच बाहेरून दिसू नये अशी आधीच आखून घ्यावी.