तोच चंद्रमा, पण कुणाचा?

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला!

आमच्या भिसेगावच्या घरी आजोबा रोज रात्री रेडिओवर भावगीतं लावायचे. 'तोच चंद्रमा नभात' लागलं की कुणी बोलायचं नाही, हा नियम. आवाज आवडायचा, पण शब्द? 'यामिनी' हे कुणा मुलीचं नाव असेल, असंच मला वाटायचं!

मागच्या सेमिस्टरला रूमवर हे गाणं लावलं, तर शाळेत संस्कृत घेतलेली रूममेट म्हणाली, "ही तर सरळ कॉपी आहे!" मला रागच आला. म्हणून शोधायला बसले.

गाणं शान्ता शेळके (१९२२-२००२) यांचं, संगीत आणि आवाज सुधीर फडके यांचा. शान्ताबाई संस्कृतच्या जाणकार, 'मेघदूत'ही त्यांनी मराठीत आणलं. या गाण्यामागे आहे शीलाभट्टारिका या कवयित्रीचा एक संस्कृत श्लोक. ठळक अलंकार नसला तरी काव्य होऊ शकतं, हे दाखवायला अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने 'काव्यप्रकाश'मध्ये तोच श्लोक घेतला. आणि ही बाई कोण? बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याची ती मुलगी, असं पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या अभ्यासकांनी २०२३ मध्ये इ.स. ७१७ च्या एका ताम्रपटावरून मांडलं.

श्लोकात बोलते ती स्त्री. जोडीदार तोच, चैत्रातल्या रात्री त्याच, फुलांचा वास तोच. तरी मन धावतं रेवेच्या, म्हणजे नर्मदेच्या काठी, जिथे पूर्वी दोघं चोरून भेटायचे. शान्ताबाईंच्या गाण्यात बोलतो तो पुरुष. आणि रेवाकाठ गायब! उलट इथे जाईचा कुंजसुद्धा जुनाच आहे. म्हणजे श्लोकातल्या बाईला निदान आपलं सुख कुठे राहिलंय ते ठाऊक आहे. गाण्यातला माणूस त्याच जागी बसलाय, ती जवळ आहे, तरी पूर्वीचं काही सापडत नाही.

मग ही कॉपी का? आपण जर्नल उतरवतो तेव्हा रीडिंग्जसकट निष्कर्षही उतरवतो. शान्ताबाईंनी रीडिंग्ज तीच घेतली, पण निष्कर्ष स्वतःचा काढला. रूममेटला हे पटलं, बरं का!

आजोबा गेल्या वर्षी गेले. दिवाळीत कर्जतला उतरून घरी गेले. ओटा तोच, रेडिओ तोच. रात्री मीच गाणं लावलं, कुणी बोललं नाही. यामिनी म्हणजे रात्र, हे आता मला कळतं. सांगायला मात्र आजोबा नाहीत.